ब्रेक्झिटच्या वेळी माझं बी-१ लायसन कसं हलवलं

भारतात एएमई म्हणजे विमान देखभालीच्या इंजिनियरिंगचा कोर्स करणारी पोरं हल्ली मला फोनवर एकच गोष्ट विचारतात, दादा यूकेचं लायसन काढू का युरोपचं, आणि मी दर वेळी सांगतो की बाबा रे २०२० च्या आधी हा प्रश्नच नव्हता कारण दोन्ही एकच होतं. लंडनला बसून काढलेल्या पार्ट-६६, म्हणजे युरोपच्या नियमांखालच्या देखभाल इंजिनियरच्या लायसनवर तुम्ही लिस्बनला, व्हिएन्नाला, वॉर्सात कुठेही विमान रिलीज म्हणजे उडायला मोकळं करू शकत होतात. आता नाही. हे कसं तुटलं आणि मी त्यातून कसा गेलो ते एकदा सविस्तर लिहूनच काढतो, कारण फोनवर सगळं अर्धवट सांगितलं जातं आणि ह्यात पोरांचे, त्यांच्या आईवडलांचे खूप पैसे अडकलेले असतात.

ज्यांना ही लाइन माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विमानाचं काहीही काम झालं, चाक बदललं, इंजिनाचा पार्ट बदलला, तर लायसन असलेल्या इंजिनियरने टेक लॉगमध्ये म्हणजे विमानाच्या नोंदवहीत सही आणि शिक्का मारल्याशिवाय ते विमान उडत नाही. त्या सहीला आम्ही सीआरएस म्हणतो. बी-१ वाला इंजिन आणि बॉडीची कामं बघतो, बी-२ वाला एव्हिओनिक्स म्हणजे विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बघतो. सही करायला दोन गोष्टी लागतात, एक म्हणजे सरकारी खात्याने दिलेलं लायसन, आणि दुसरं म्हणजे ज्या कंपनीत काम करता तिने त्या लायसनच्या जोरावर दिलेलं ऑथोरायझेशन. पहिलं गेलं की दुसरं आपोआप गेलं. आणि सही गेली की पगारातला मोठा हिस्सा गेला, कारण बिनसहीचा मेकॅनिक आणि सहीवाला इंजिनियर ह्यांच्या पगारात बराच फरक असतो.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. एएमई केलं, मुंबईत काही वर्षं नोकरी केली, डीजीसीएचं म्हणजे भारताच्या विमान खात्याचं लायसन काढलं, मग बायकोला इंग्लंडमध्ये नोकरी लागली म्हणून इकडे आलो. इकडे डीजीसीएच्या लायसनला कोणी विचारत नाही, ते इथे चालत नाही, परीक्षा पहिल्यापासून द्याव्या लागतात. दिवसा (म्हणजे बऱ्याचदा रात्री) मेकॅनिक म्हणून काम आणि उरलेल्या वेळात मॉड्यूल म्हणजे एकेका विषयाच्या परीक्षा. बी-१.१ ला मॉड्यूल एक ते दहा, मग अकरा, पंधरा आणि सतरा. प्रत्येकात ७५ टक्के पडल्याशिवाय पास नाही. मॉड्यूल अकराला १४० प्रश्न आणि १७५ मिनिटं, पंधराला ९२ प्रश्न, आणि सात, नऊ, दहाला वर निबंध लिहायचा. तीन पर्यायातला एक निवडायचा असतो म्हणून सोपं वाटतं, पण ते पर्याय इतके जवळजवळचे असतात की पुस्तक नुसतं वाचून गेलेला माणूस ७२ टक्क्यांवर अडकतो आणि परत फी भरतो. हे मुद्दाम सांगतोय कारण पुढे जे काही झालं त्यात माझ्या डोक्यात एकच भीती होती, की हे सगळं परत द्यायला लागू नये.

आता ब्रेक्झिट. २३ जून २०१६ ला मतदान झालं, ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडायचं म्हणलं. आमच्या हँगरमध्ये त्या वेळी चर्चा व्हायची ती इमिग्रेशनची, मासेमारीची, एनएचएसला म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेला मिळणाऱ्या पैशांची. पार्ट-६६ चं नाव कोणी काढलं नाही, आणि साहजिक आहे, कारण आम्हाला सगळ्यांना वाटायचं की लायसन तर यूकेच्या सीएएने म्हणजे इथल्या विमान खात्याने दिलंय, त्याच्यावर सीएएचं नाव आहे, मग ते कुठे जाणार? पण त्या लायसनला युरोपभर किंमत होती ती त्यावरच्या नावामुळे नव्हती, तर यूके हा इयासा म्हणजे युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेचा सदस्य होता आणि सगळे सदस्य एकमेकांची लायसन बिनशर्त मानायचे म्हणून होती. सदस्यत्व गेलं की लायसन फक्त त्या एका देशाचं उरतं. हे मला २०१८ च्या शेवटी आमच्या क्वालिटी मॅनेजरने व्हाइटबोर्डवर काढून दाखवलं तेव्हा नीट कळलं.

त्याच्या आधीच खुणा दिसायला लागल्या होत्या खरं तर. इझीजेटने जुलै २०१७ मध्ये व्हिएन्नात वेगळी कंपनी काढायची घोषणा केली आणि हळूहळू त्यांची बरीचशी विमानं जी- म्हणजे यूकेच्या नोंदणीवरून ओई- वर म्हणजे ऑस्ट्रियाच्या नोंदणीवर गेली. रॅम्पवर रोज दिसायचं. नोंदणी बदलणं म्हणजे मागची अक्षरं खरवडून नवी चिकटवली की झालं असं लोकांना वाटतं, पण आत ट्रान्सपाँडरचा (रडारला विमानाची ओळख सांगणारं यंत्र) २४ बिटचा पत्ता बदलावा लागतो, ईएलटीचं (अपघातात संकटाचा सिग्नल पाठवणारं यंत्र) कोडिंग बदलावं लागतं, कॉकपिटमधल्या पाट्या बदलाव्या लागतात, आणि विमानाच्या अंगावर जी आगीत न जळणारी धातूची पट्टी असते तीसुद्धा नवी लागते. एवढा खटाटोप आणि खर्च एअरलाइन करतीये म्हणजे त्यांच्या वकिलांनी पुढचं काहीतरी वाचलंय एवढं तरी आमच्या लक्षात यायला पाहिजे होतं असं आमचा शिफ्ट लीड तेव्हा म्हणायचा, आणि तो बरोबर होता.

मग तारखांचा खेळ. आधी २९ मार्च २०१९ ला बाहेर पडणार, मग १२ एप्रिल, मग ३१ ऑक्टोबर, मग ३१ जानेवारी २०२०. प्रत्येक तारखेच्या आधी कंपनीचा मेल यायचा की लायसनचा विचार करा, आणि तारीख टळली की सगळे परत निवांत. लोक कंटाळले ह्या प्रकाराला. ३१ जानेवारीला देश खरोखर बाहेर पडला तरी वर्षअखेरपर्यंत ट्रान्झिशन होतं, जुने नियम चालू होते, त्यामुळे हँगरमध्ये काहीच बदललं नाही आणि बऱ्याच जणांनी धरून चाललं की ह्यातही शेवटी काहीतरी मार्ग काढतील. मार्च २०२० मध्ये मात्र इथले वाहतूक मंत्री ग्रँट शॅप्स ह्यांनी अमेरिकेत बोलताना सांगून टाकलं की ट्रान्झिशन संपलं की यूके इयासातूनही बाहेर पडणार. माझ्यासाठी तो दिवस निर्णयाचा होता. सहयोगी सदस्य म्हणून राहतील, स्वित्झर्लंडसारखं काहीतरी करतील ही आशा तिथे संपली, आणि त्याच महिन्यात कोव्हिडने सगळी विमानं जमिनीवर आणली.

लायसन हलवायचं म्हणजे नेमकं काय ते सांगतो. इयासाच्या नियमात एका माणसाला एका वेळी एकाच सदस्य देशाचं पार्ट-६६ लायसन ठेवता येतं, पण ते एका देशाकडून दुसऱ्याकडे नेता येतं, परत परीक्षा नाही काही नाही. यूके ट्रान्झिशन संपेपर्यंत ह्या बाबतीत सदस्यासारखाच धरला जात होता, म्हणजे ३१ डिसेंबर २०२० पर्यंत हे दार उघडं होतं. त्यानंतर यूके म्हणजे तिसरा देश, मग हलवणं नाही, नव्याने काढणं. आणि त्या तारखेच्या आधी अर्ज पोचून भागणार नव्हतं, नवीन लायसन हातात यायला हवं होतं.

इथे एक बारीक मुद्दा आहे जो बरेच जण चुकीचा सांगतात. युरोपच्या नियमात अशी वाट आहे की युरोपबाहेरच्या मेंटेनन्स स्टेशनवर तिथल्या राष्ट्रीय लायसनचे लोक काही अटी पूर्ण करून युरोपच्या विमानांवर सही करू शकतात. भारतात, आखातात अशी स्टेशनं चालतातच. त्यामुळे यूकेचं लायसन असलेला माणूस १ जानेवारीपासून युरोपच्या विमानाला हातच लावू शकत नाही असं काही नाही. पण ते सगळं कंपनीच्या ॲप्रूव्हलवर, त्यांच्या मॅन्युअलवर आणि एअरलाइनच्या मर्जीवर अवलंबून, तुमच्या हातात काहीच नाही. आणि मी हिवाळ्यात युरोपात बेस मेंटेनन्सच्या काँट्रॅक्टवर जायचो, मोठे चेक सगळे हिवाळ्यात येतात कारण उन्हाळ्यात विमानं उडत असतात, तिथे तर युरोपचं लायसन नसेल तर एजंट फोनसुद्धा उचलत नाही. म्हणून हलवायचं ठरवलं.

देश कुठला निवडायचा ह्यावर चहाच्या वेळी तासन् तास चर्चा व्हायची. बरेच जण आयर्लंडकडे गेले कारण सगळं इंग्रजीत. कोणी ऑस्ट्रिया, कोणी माल्टा, कोणी नेदरलँड्स. कायद्याने सगळी सारखीच, लायसनचा फॉर्मही एकच, फॉर्म २६. फरक फक्त फी, भाषा आणि किती दिवस लावतात ह्यात. मी कुठला देश निवडला ते लिहीत नाही कारण पुढे थोडं त्यांच्याबद्दल तक्रारीचं आहे.

कागद असे लागले: फॉर्म १९ भरून, पासपोर्टची सर्टिफाइड कॉपी, असलेल्या लायसनची कॉपी सगळ्या पानांसकट, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जुन्या देशाच्या खात्याने नव्या देशाच्या खात्याला थेट पाठवायचं व्हेरिफिकेशन, की हा माणूस खरा आहे, ह्याचं लायसन खरं आहे, ह्याने ह्या परीक्षा दिल्या, हे टाइप रेटिंग (ठरावीक विमानाची लायसनवरची नोंद) ह्या आधारावर घातलं. हे शेवटचं आपल्या हातात नसतं. दोन सरकारी खात्यांमध्ये फाइल जाते आणि आपण मध्ये बसून मेल करत राहतो. २०२० मध्ये दोन्हीकडचे लोक घरून काम करत होते, पोस्ट उशिरा पोचत होतं, आणि माझ्यासारखे असंख्य इंजिनियर आणि पायलट एकाच वेळी रांगेत.

माझी फाइल अडकली ती नावावरून. हे प्रत्येक मराठी माणसाने नीट वाचावं. माझ्या भारतीय कागदांवर आधी आडनाव, मग माझं नाव, मग वडलांचं नाव. पासपोर्टवर माझं नाव आणि वडलांचं नाव दोन्ही मिळून गिव्हन नेम. यूकेच्या लायसनवर नुसतं माझं नाव आणि आडनाव, कारण अर्ज केला तेव्हा इथल्या पद्धतीने तसंच चालायचं आणि कोणी हरकत घेतली नाही. नवीन देशाच्या खात्यातल्या बाईंनी कळवलं की व्हेरिफिकेशनमधली व्यक्ती आणि पासपोर्टमधली व्यक्ती एकच आहे हे सिद्ध होत नाही. मी फोनवर सांगायचा प्रयत्न केला की आमच्याकडे मधलं नाव वडलांचं असतं, ते माझं दुसरं नाव नाही, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कागद मागितला. कागद कुठला द्यायचा? असा कागदच आपल्याकडे नसतो ना, कारण आपल्याकडे ह्यात शंका घेण्यासारखं कोणाला काही वाटत नाही. शेवटी इथल्या सॉलिसिटरसमोर स्टॅच्युटरी डिक्लरेशन म्हणजे कायदेशीर लेखी निवेदन केलं, की ही तिन्ही प्रकारे लिहिलेली नावं माझीच आहेत, सोबत जन्मदाखल्याचं इंग्रजी भाषांतर शिक्क्यासकट, लग्नाचा दाखला, सगळं. त्यात दिवसांमागून दिवस गेले. ऑक्टोबर संपला, नोव्हेंबर आला, विमानं उभी, कंपनीत फर्लो (काम नसताना कमी पगारावर घरी बसवणं) चालू, घरात बायको रोज विचारतीये की काय झालं, आणि माझ्याकडे एकच उत्तर, फाइल प्रोसेसमध्ये आहे.

डिसेंबरात लायसन आलं. पाकीट फोडलं आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे जुन्या लायसनच्या कॉपीशेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. तुम्हीही हे करा, कधीही, कुठलंही लायसन आलं तरी. माझ्याकडे ए३२० ची दोन रेटिंग होती, एक सीएफएम ५६ इंजिनचं आणि एक आयएई व्ही २५०० चं. नव्या लायसनवर दुसरं नव्हतंच. टाइप करताना राहून गेलं असणार. लगेच त्याच दिवशी मेल, सोबत जुन्या पानाचा फोटो, आणि तिथल्या बाईंनी (त्याच त्या, नावावरून अडवणाऱ्या) ते वर्ष संपायच्या आत दुरुस्त करून दिलं. त्या खात्याने मला दमवलं हे खरं, पण ह्या शेवटच्या दुरुस्तीसाठी त्या बाईंचे मी मनापासून आभार मानतो, कारण त्या वेळी त्यांच्या टेबलावर काय ढीग असेल ह्याची कल्पना करू शकतो.

आता ३१ डिसेंबरची रात्र. ट्रान्झिशन संपलं ते युरोपच्या मध्यरात्री, म्हणजे इथल्या रात्री ११ वाजता. टेक लॉगमध्ये आम्ही वेळ यूटीसीमध्येच लिहितो आणि डिसेंबरात इथलं घड्याळ यूटीसीवरच असतं, त्यामुळे ११ म्हणजे ११, हिशेब करायची गरज नाही. मी नाइटला होतो. लॉकडाऊनमुळे रहदारी जवळपास नव्हती. साडेनऊच्या सुमारास ओई- नोंदणीचं एक ए३२० रात्रीच्या मुक्कामाला आलं, शेजारच्या स्टँडवर जी- वालं दुसरं ए३२० आधीपासून उभं होतं. दोन्ही एकाच कारखान्यातली, एकच मॅन्युअल, एकच इंजिन. वॉकराउंडला मी पार्किंग ब्रेक लावून घेतला आणि ब्रेकच्या वेअर पिन बघितल्या. पिन म्हणजे ब्रेकमधून बाहेर आलेली एक छोटी दांडी असते, ब्रेकच्या डिस्क जसजशा झिजतात तसतशी ती आत जाते, आणि कडेला समतल झाली की ब्रेक बदलायचा. एका चाकाची पिन समतल. जॅक लावला, चाक काढलं, मी आणि एक मेकॅनिक, हात गारठलेले, ब्रेक युनिट चांगलं जड असतं ते ट्रॉलीवर घेऊन लावलं, हायड्रॉलिकची लाइन जोडली, लीक चेक केला, चाक चढवून टॉर्क केलं. सही करायला ऑफिसात आलो तेव्हा ११ वाजून गेले होते.

क्वालिटीने आठवड्याभरापूर्वी पाकिटातून नवे शिक्के दिले होते. आमच्या कंपनीकडे आता दोन ॲप्रूव्हल नंबर, एक यूकेचा आणि एक इयासाने तिसऱ्या देशातली कंपनी म्हणून दिलेला. ओई- साठी हा शिक्का, जी- साठी तो. माझ्याबरोबरचा मेकॅनिक नवा होता, त्याने विचारलं की काम सुरू केलं तेव्हा तर जुना नंबर होता, मग आता कुठला? रिलीज ज्या क्षणी करतो त्या क्षणाचा, असं मी सांगितलं आणि नवा शिक्का मारला. लायसन नंबरच्या जागी माझा नवीन देशाचा नंबर. ब्रेक तोच, टॉर्क तोच, सही करणारा हातही तोच, पण त्या दिवसापर्यंत जो माणूस डोळे झाकून दोन्ही विमानं रिलीज करू शकत होता तो आता आधी शेपटाजवळची अक्षरं वाचणार आणि मग खिशात हात घालणार. आमच्यापैकी कोणीच सेफ्टीमध्ये काही कमी पडलं नव्हतं, आणि मला ह्याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटतं, आजही.

ह्या सगळ्यात एक फायदा मात्र लायसन हलवणाऱ्यांना झाला. यूकेने कायदा केला की वर्षअखेरीपर्यंत युरोपातल्या देशांनी दिलेली लायसन जी- विमानांसाठी आणखी दोन वर्षं, ३१ डिसेंबर २०२२ पर्यंत, (किंवा त्याआधी लायसनची मुदत संपली तर तोपर्यंत) मानायची. युरोपने उलट बाजूने असं काहीच केलं नाही. म्हणजे मी दोन वर्षं दोन्हीकडे सही करू शकत होतो, आणि ज्यांनी यूकेचंच ठेवलं ते एकाच बाजूला.

माझा एक मल्याळी मित्र आहे, बी-२, माझ्यापेक्षा हुशार, एव्हिओनिक्सचा फॉल्ट मला दोन दिवस सापडला नाही तर मी अजूनही त्याला फोन करतो. त्याने हलवलं नाही. त्याची कारणं चुकीची नव्हती हो. फर्लोवर पगार कमी, दोन लहान मुलं, फी आणि सर्टिफाइड कॉप्यांचा खर्च, नोकरी जाईल का राहील माहीत नाही, आणि त्याच्या कंपनीत वरचे लोक छातीठोक सांगत होते की करार होणार आणि त्यात लायसनचं बघतील. करार झाला २४ डिसेंबरला. त्याने आणि मी फोन चालू ठेवून त्याचा मजकूर उघडला, शेकडो पानं, त्यातलं विमान सुरक्षेचं प्रकरण शोधलं. त्यात डिझाइन आणि सर्टिफिकेशनचं, म्हणजे विमानाच्या आणि पार्टच्या मान्यतेचं परिशिष्ट होतं. माणसांच्या लायसनचा विषय पुढे कधी घेता येईल अशी जागा ठेवलेली होती, पण त्याचं परिशिष्ट नव्हतं. त्याने दोनदा वाचलं आणि फोन ठेवतो म्हणाला.

पुढे त्याला एका युरोपियन कंपनीत चांगली नोकरी मिळत होती, बायकोचा भाऊ तिकडे आहे, राहायचीही सोय होती. पण युरोपचं लायसन नव्याने काढायला सांगितलं. कामाचा अनुभव धरला, परीक्षा मात्र नाही. मॉड्यूल एक ते दहा, तेरा आणि चौदा. मॉड्यूल एक म्हणजे गणित, अपूर्णांक आणि बीजगणित. अनेक वर्षं विमानांचे ऑटोपायलट दुरुस्त करणारा माणूस नाइट शिफ्ट संपवून सकाळी किचन टेबलवर अपूर्णांकांची वही घेऊन बसायचा, मुलगी शाळेत जायच्या आधी विचारायची अप्पा तुलाही होमवर्क आहे का. मी त्याला जमेल तितक्या वेळा सोबत करायला जायचो, प्रश्न विचारायचो, लेजिस्लेशनचा निबंध तपासायचो. ही माणसं ह्या धंद्याचा कणा आहेत आणि त्यांना असं वागवणं योग्य नाही हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आत्ताही म्हणतो. दोन्ही बाजूंनी एक साधी तरतूद केली असती, की अमुक तारखेच्या आधी ज्याने परीक्षा दिली त्याची परीक्षा मानायची, तर कोणाचं काही बिघडलं नसतं, कारण त्या तारखेच्या आधी अभ्यासक्रम, नियम, पास व्हायची टक्केवारी सगळं शब्दशः एकच होतं.

२०२२ मध्ये माझी दुसरी फेरी, आता यूकेचं लायसन परत मिळवायची. आधी यूकेचं होतं आणि हलवलं अशा लोकांसाठी सीएएने सोय ठेवली होती, त्यामुळे परीक्षा नाही, पण अर्ज, फी, अनुभवाच्या नोंदी परत. ह्या वेळी नावाचं डिक्लरेशन पहिल्याच दिवशी जोडलं. यूके आता तिसरा देश असल्यामुळे दोन्ही लायसन एकत्र ठेवता येतात, एकच लायसन ठेवायचा नियम युरोपच्या आतल्या देशांपुरता. दोन्हींची मुदत पाच पाच वर्षं, दोन्हींचं रिन्यूअल वेगळं. दोन्हीकडे सहीचा अधिकार वापरायचा तर मागच्या दोन वर्षांत सहा महिन्यांचा अनुभव दाखवावा लागतो, म्हणून लॉगबुक नीट भरतो, नोंदणीची अक्षरं, टाइप, कामाचा क्रमांक सगळं.

पैशाचा खरा फटका बसतो तो टाइप कोर्सला. नवीन विमानाचं रेटिंग घालायचं तर ॲप्रूव्ह्ड शाळेचं सर्टिफिकेट लागतं, आणि युरोपच्या लायसनवर घालायला शाळेकडे इयासाचं ॲप्रूव्हल हवं, यूकेच्या लायसनवर घालायला यूकेचं. इथल्या काही शाळांनी दोन्ही ठेवलीत, एकाच कोर्सची दोन सर्टिफिकेटं देतात. पैसे भरायच्या आधी लेखी विचारा की दोन्ही मिळणार का, प्रॅक्टिकलही दोन्हीत धरलंय का. नुसतं वेबसाइटवर दोन झेंडे बघून पैसे भरू नका. मॉड्यूलच्या परीक्षेलाही हेच. आणि आता अभ्यासक्रमही वेगळे होत चाललेत, युरोपने २०२३ मध्ये पार्ट-६६ मध्ये मोठे बदल मंजूर केले, ते यूकेला आपोआप लागू होत नाहीत, त्यामुळे जुन्या नोट्स कुठल्या बाजूच्या आहेत ते बघून मगच वाचा.

आणि पासपोर्टचं विसरू नका. मी ब्रिटिश नागरिक झालो तेव्हा युरोपात कुठेही काम करायचा हक्क त्यात आला होता. तोही त्याच रात्री गेला. आता १८० दिवसांत ९० दिवस फिरायला जाता येतं, काम करायला त्या त्या देशाचं परमिट लागतं, त्यामुळे लायसन असूनही हिवाळ्यातली काँट्रॅक्ट पूर्वीसारखी मिळत नाहीत. एजंट पहिला प्रश्न लायसनचा विचारतो आणि दुसरा पासपोर्टचा.

तर पोरांनो, यूकेचं का युरोपचं ह्याचं माझं उत्तर असं आहे की तुम्ही कुठल्या नोंदणीच्या विमानांवर काम करणार ते आधी ठरवा. नागपूरला मिहानमध्ये किंवा मुंबईत व्हीटी- म्हणजे भारतीय नोंदणीच्या विमानांवर करायचं असेल तर डीजीसीएचंच काढा आणि ते चांगलं काढा. आखातात जायचं असेल तर तिथल्या कंपन्या कुठलं लायसन मागतात ते जाहिरातीत वाचा, त्यात बऱ्याचदा इयासा असतं. इंग्लंडात घर करायचं असेल तर यूके. दोन्ही हवी असतील तर मॉड्यूल पहिल्यापासून दोन्ही ॲप्रूव्हल असलेल्या शाळेत द्या, कारण परीक्षेचा निकाल दहा वर्षं चालतो आणि नंतर दुसरं लायसन काढताना तो उपयोगी पडतो. आणि पासपोर्ट, लायसन, सर्टिफिकेट तिन्हींवर नाव अक्षर न् अक्षर एकच ठेवा, वडलांच्या नावासकट. मल्याळी मित्राचं चौदावं मॉड्यूल गेल्या महिन्यात निघालं, आता त्याच्या टाइप रेटिंगची फाइल तिकडच्या खात्यात आहे, ती कशी जाते ते कळलं की खाली लिहीन.